मदत हवी आहे: दत्तक गिनीपिगसाठी पावसाळ्यात अंथरूण म्हणून फ्लीस (मऊ, लोकरीसारखं सिंथेटिक कापड) चालेल का?

बचाव केंद्रातून दोन माद्या मुंबईतल्या घरी येणार आहेत. पिंजरा १२० × ६० सेंमी.

वखारीतला भुसा बाद केलाय. त्याची बारीक धूळ नाकात जाते, आणि लाकूड कोणतं तेही कळत नाही. मक्याच्या कणसाचा चुरा तर नकोच. ओला झाला की बुरशी धरतो.

फ्लीसची पद्धत माहीत आहे: नवं कापड फॅब्रिक सॉफ्टनर न घालता गरम पाण्यात तीन-चारदा धुवायचं, नाहीतर लघवी वरच साचते. चमचाभर पाणी टाकून ते झिरपतं का पाहायचं. खाली दोन पदरी सुती टॉवेल, लेंड्या रोज झाडायच्या, तीन-चार दिवसांनी सगळं बदलायचं. अडचण वाळवण्याची आहे. जुलैमध्ये घरात टॉवेल दोन दिवस दमट राहतात, आणि दमट अंथरुणावर बसून तळपायांना जखमा होतात. एकदा झाल्या की बऱ्या व्हायला फार वेळ लागतो.

ड्रायर नसेल तर किती संच लागतील? चार पुरतील?

की गवताच्या रॅकखाली, जिथे त्या जास्त लघवी करतात, तिथे ट्रेमध्ये ५ सेंमी कागदी अंथरूण आणि बाकी फ्लीस ठेवावं? असं करणाऱ्यांकडे कागद किती दिवसांनी बदलावा लागतो?

केंद्रात दोघी कागदावरच आहेत. आल्या आल्या फ्लीस द्यावं, की पहिले दोन आठवडे कागदच ठेवावा? फ्लीस फिकट रंगाचंच घेणार आहे, म्हणजे लघवीत रक्त असलं तर लगेच दिसेल.