मदत हवी आहे: टिळकांच्या १९०८ च्या खटल्याचे तैलचित्र, कच्च्या रेखाटनात काय बदलून घेऊ?

नमस्कार मंडळी,

दिवाणखान्याच्या भिंतीसाठी लोकमान्यांच्या राजद्रोह खटल्याचे तैलचित्र काढून घेते आहे, पाच फूट बाय तीन फूट. माझे वडील निवृत्त वकील, त्यांच्यासाठी. प्रसंग २२ जुलै १९०८ चा. मुंबई उच्च न्यायालय, रात्रीचे नऊ वाजून गेलेत, ज्युरीने दोषी ठरवले आहे आणि शिक्षा सुनावण्याआधी टिळक शेवटचे बोलायला उभे आहेत.

काल रेखाटन आले आणि मन खट्टू झाले. न्यायासनावर गोरा साहेब बसवलाय! न्यायमूर्ती दिनशा दावर पारशी होते. १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून तेच उभे राहिले होते. अकरा वर्षांनी तोच माणूस वरून सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावतो. माझ्या मते सगळे चित्र त्या दोन चेहऱ्यांमधल्या अंतरावर उभे राहायला हवे. ज्युरीतही बारा जण काढलेत. होते नऊ, निकाल सात विरुद्ध दोन. एवढे चित्रकारांनी लगेच मान्य केले.

अडले आहे ते टिळकांपाशी. रेखाटनात मूठ वळलेली, तोंड उघडे. पण त्याआधी या माणसाने स्वतःच स्वतःची बाजू एकवीस तासांहून अधिक वेळ मांडली होती, आणि शेवटी मोजकी चार वाक्ये बोलला. मला तिथे पगडी, उपरणे आणि स्थिर नजर हवी आहे. चित्रकार म्हणतात, हावभाव नसेल तर लांबून काही कळणार नाही. आमचा सोफा भिंतीपासून नऊ फुटांवर आहे. हात खाली ठेवून, नुसत्या प्रकाशाने हा ताण दाखवता येईल का? कुणी अशी बहुपात्री चित्रे काढली असतील तर नक्की सांगा. बोलताना टिळक आरोपीच्या पिंजऱ्यात होते की टेबलाशी, हेही कुणी वाचले असेल तर हवे आहे.

दुसरे म्हणजे समोरच मोठी खिडकी आहे. रात्रीचा प्रसंग, म्हणजे गडद रंग, त्यावर दुपारभर उजेड चकाकणार. काच लावणारच नाही, पण व्हार्निश (वरून द्यायचा संरक्षक थर) मॅट म्हणजे बिनचकाकीचे घ्यावे की सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचे? मॅटने काळे रंग फिके पडतात असे ऐकले. तैलरंग पुरते वाळायला सहा महिने तरी जातात, तोवर चित्र बिनव्हार्निशचे टांगले तर चालेल ना?

सोमवारी कॅनव्हासवर काम सुरू होतेय. त्याआधी कळले तर फार उपकार होतील.