व्हार्निश (साइटची तयार पानं साठवून वाचकांना देणारा सर्व्हर) रिस्टार्ट झालं की सगळी कॅश, म्हणजे साठवलेली पानं, रिकामी. फाइल स्टोरेजने, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरच्या फाइलीत साठवून, वाचेल का?

रात्रपाळी: एका साप्ताहिकाची साइट मी एकटी सांभाळते. पुढे व्हार्निश, मागे वर्डप्रेस. रॅम ८ जीबी, त्यातली ३ व्हार्निशला. काल रात्री ११ ला अपडेट टाकलं. पॅकेजने व्हार्निश परस्पर रिस्टार्ट केलं आणि बघता बघता लोड (सर्व्हरवरचा कामाचा ताण) २ वरून ६० वर गेला. एरवी जुन्या बातम्या कॅशमधूनच जातात, काल एकूण एक पान पीएचपीवर (वर्डप्रेस ज्यात चालतं त्या भाषेवर) आदळलं. वीस मिनिटं वाचकांना ५०३ (साइट उपलब्ध नाही) ही चूक. त्याच रात्री मतमोजणीची बातमी होती, मला रडूच यायचं बाकी होतं. मॅलॉकऐवजी (रॅममध्ये साठवण्याच्या पद्धतीऐवजी) फाइल स्टोरेज लावलं तर कॅश टिकेल का?

जुनाकर्नल: ताई, नाही टिकणार. ती फाइल म्हणजे नुसती जागा. कुठलं पान कुठे ठेवलंय याची नोंद प्रोसेसच्या मेमरीत असते. प्रोसेस मेली की नोंदही गेली. ग्रेसचाही (मुदत संपलेलं पान तात्पुरतं देण्याच्या सोयीचाही) उपयोग नाही, कारण शिळं पान द्यायला ते आधी असावं लागतं. फक्त व्हीसीएल (व्हार्निशची नियमांची फाइल) बदलायचं असेल तर रीलोड करा, त्यात कॅशला धक्का लागत नाही. अपग्रेडला मात्र रिस्टार्ट अटळ. म्हणून बॅकएंडला, म्हणजे मागच्या वर्डप्रेसला, मॅक्स-कनेक्शन्सची (एका वेळच्या जोडण्यांची) मर्यादा घाला. थोड्यांना ५०३ जाईल, पण डेटाबेस उभा राहील.

घाटावरचा: एन्जिनेक्स हा दुसरा वेब सर्व्हर कॅश डिस्कवर साठवतो, रिस्टार्टनंतरही तिथूनच वाचतो. सुरू झाल्यावर मिनिटभराने त्याचा कॅश लोडर जुन्या फाइलींची नोंद थोडी थोडी करून मेमरीत आणतो. पण तिथेही गाफील राहू नका: १.११.१० मध्ये कॅश फाइलचं हेडर (सुरुवातीचा माहितीचा भाग) बदललं आणि आधीचं साठवलेलं सगळं बाद झालं. अपग्रेडआधी बदलांची यादी वाचाच.

जुनाकर्नल: ताई, व्हार्निश होल्डवर ठेवा, म्हणजे ते आपोआप अपडेट होणार नाही. पहाटे अपग्रेड करा आणि ॲक्सेस लॉगमधले सर्वाधिक वाचले जाणारे पाचशे पत्ते कर्ल या कमांडने हळूहळू मागवून कॅश गरम करा.

रात्रपाळी: आज पहाटे ४ ला केलं. पहिल्या फेरीत पाचशेही पानं मागवून झाली, तरी हिट (कॅशमधून गेलेली पानं) शून्य. लॉग उघडला तर ओळीने ३०१, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारे रीडायरेक्ट. मी पत्ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता दिले होते, आणि व्हार्निश साठवलेलं पान ओळखायची किल्ली होस्टसकट (साइटच्या नावासकट) बनवतं. म्हणजे पानांऐवजी पाचशे रीडायरेक्ट साठवून बसले होते. होस्ट दुरुस्त करून दुसरी फेरी घेतली. सकाळी ७ च्या गर्दीत लोड ३ च्या वर गेला नाही. दादा, मनापासून आभार.