प्रार्थना तोंडपाठ झाली आहे; पुढे काय?

सोलापूरची शिक्षिका: माझे दृढीकरण (चर्चमध्ये आपल्या विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) होऊन चाळीस वर्षे झाली आणि त्यांतली सव्वीस मी रविवार शाळेत शिकवते आहे. विश्वास डळमळलेला नाही. तसे असते तर विचारणे कदाचित सोपे झाले असते. अडचण अशी की बायबलमधले तेविसावे स्तोत्र म्हणताना ओठ हिरव्या कुरणांत असतात आणि मन उद्याच्या डब्याच्या भाजीत. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात जड अन्न न पचणाऱ्या, दुधावरच राहिलेल्या विश्वासणाऱ्यांविषयी जे लिहिले आहे, ते मुलांना शिकवताना या वेळी मलाच लागले. आणखी सभा आणि शिबिरे यांची हौस उरलेली नाही. हा टप्पा ज्यांनी ओलांडला, त्यांनी प्रत्यक्षात काय केले?

निवृत्त पाळक: सलाम, ताई. पाठ असलेली स्तोत्रे काही दिवस बाजूला ठेवा. एकूण स्तोत्रे १५०. रोज पाच घेतली तर महिन्यात एक पारायण होते, फक्त १७६ वचनांच्या ११९व्या स्तोत्राला एक स्वतंत्र दिवस द्यावा. यात विलापाची स्तोत्रे गाळू नका. ८८वे स्तोत्र अंधारावरच संपते, शेवटी आभार नाहीत की दिलासा नाही, आणि म्हणूनच असेल, तीस वर्षांच्या सेवेत मी ते उपासनेत एकदाही वाचले नव्हते. पत्नीच्या आजारपणात ते हाती आले, आणि देवापाशी तक्रार करणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे हे मला दवाखान्यातल्या त्या खोलीत कळले.

वसईकर: आमच्या कॅथलिक परंपरेत संथ वाचनाची जुनी रीत आहे. बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवासमोर नुसते शांत बसणे. उतारा आठ-दहा ओळींहून मोठा नसावा. पहिला महिनाभर मला चौथ्या पायरीवर केवळ झोप लागत असे, हेही सांगून ठेवतो.

नगरकर: वाचन हवेच, परंतु केवळ वाचनाने हे सुटेल असे मला वाटत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर बावीस वर्षांनी, नाव आणि मान दोन्ही मिळालेले असताना, त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. सवयीची जागा सोडल्यावाचून काही गोष्टी दिसत नाहीत. सव्वीस वर्षे शिकवणाऱ्या व्यक्तीने वर्षभर वर्ग दुसऱ्याकडे सोपवून स्वतः मागच्या बाकावर बसावे, असे मी सुचवीन.

सोलापूरची शिक्षिका: वर्ग सोडण्याचे वाचून राग आला, आणि तो का आला याचा विचार दुपारपासून करते आहे. ८८वे स्तोत्र आज वाचले. पाळकसाहेब, ते मनात वाचायचे की मोठ्याने?

निवृत्त पाळक: मोठ्याने. घरातले काय झाले म्हणून विचारतील, विचारू द्या.