लिव्हर सर्जरीच्या प्लॅनिंगसाठी व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) हेडसेट घ्यावा का?

यकृतवेडी: नमस्कार मंडळी. लिव्हर सर्जरीचं ट्रेनिंग चालू आहे. सीटीचे काप एकामागून एक बघत तिन्ही हेपॅटिक व्हेन्स (लिव्हरमधलं रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) डोक्यात जुळवायच्या, आणि ट्यूमर लिव्हरच्या सातव्या-आठव्या सेगमेंटच्या, म्हणजे भागांच्या, मधे असला की माझा पार गोंधळ उडतो. व्हीआरमध्ये मॉडेल बघून प्लॅन करायला शिकायचंय. बजेट फक्त एका साध्या हेडसेटपुरतं, सॉफ्टवेअर फुकटच हवं, गेमिंगचा लॅपटॉप आहे. कुणी वापरलंय का?

प्रिंटरप्रेमी: हेडसेट कशाला, थ्रीडी प्रिंटर घ्या! आम्ही पारदर्शक लिव्हर छापलं, व्हेन्स निळ्या, ट्यूमर पिवळा, पेशंटच्या हातात दिलं तर ऑपरेशन लगेच समजलं त्यांना. रात्रभर छापत बसावं लागतं आणि सपोर्ट काढताना आमची एक फांदी तुटली, पण हातात धरून बघण्याची सर कशालाच नाही.

जुना_सर्जन: अहो ताईंनी बजेट सांगितलंय, त्यात प्रिंटर कुठून आला? माझं मत विचाराल तर दोन्ही नको. फ्रेंच सर्जन कुइनोंनी १९५७ साली लिव्हरचे आठ सेगमेंट मांडले ते काय चष्मा लावून? अल्ट्रासाउंडचा प्रोब थेट लिव्हरवर ठेवून बघायला शिका. मॉडेलमधलं लिव्हर जागच्या जागी असतं, खरं लिव्हर मोकळं केलं की वळतं, दबतं, श्वासाबरोबर खालीवर होतं.

प्रिंटरप्रेमी: सर, कुइनोंनी लिव्हरच्या नळ्यांचे साचे ओतूनच अभ्यास केला होता की. थ्रीडी मॉडेलच ते!

गॅजेटगुरू: मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट घ्या डोळे झाकून, मी घेतलाय, वायरची कटकट नाही. आधीच्या हेडसेटनं दहा मिनिटांत मळमळायचं मला. सोबत लॅपटॉप पण बदलून टाका, चांगलं ग्राफिक्स कार्ड हवंच.

कापवाचक: मी रेडिओलॉजीतली. हेडसेटचं नंतर बघा, आधी सीटी नीट मिळवा. ५ मिमीचे काप आणलेत तर व्हेन पायऱ्यापायऱ्यांची दिसते, मग ती कितीही भारी चष्म्यातून बघा. १ मिमीच्या आसपासचे मागा, सगळ्या फेजेस (औषध टोचल्यावर वेगवेगळ्या वेळी घेतलेले काप) मागा. आणि न फुगलेल्या पित्तनलिका सीटीवर धड दिसत नाहीत, त्याला एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. सरावाला थ्रीडी-आयआरकॅड या डेटासंचातले २० जणांचे सीटी फुकट मिळतात, अवयव आखलेले.

स्लायसरसाथी: थ्रीडी स्लायसर हे सीटीवरून मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला व्हीआरचं एक्स्टेन्शन बसतं, हेडसेट लॅपटॉपला जोडणाऱ्या स्टीमव्हीआरवरून चालतं. टोटलसेगमेंटेटर हे एआय टूल सीटीतून लिव्हर आपोआप वेगळं काढून देतं. पण व्हेन्स स्वतः तपासा बरं का, मी एकदा स्मूदिंग (मॉडेल गुळगुळीत करणं) जास्त केलं आणि मिडल हेपॅटिक व्हेनची पाचव्या सेगमेंटमधली फांदीच पुसली गेली, मीटिंगमध्ये सरांनी मूळ काप लावले तेव्हा लक्षात आलं, अजून आठवलं की घाम फुटतो. स्लायसरला क्लिनिकल वापराची मान्यता नाही, त्यामुळे निर्णय मूळ सीटीवरच. ऑपरेशननंतर उरणाऱ्या लिव्हरचं व्हॉल्यूमही त्यात निघतं. साधारण निरोगी लिव्हर असेल तर २० ते २५ टक्के उरायला हवं, बरीच केमो झाली असेल तर ३०, सिरोसिसमध्ये ४०. यातल्या कशालाही हेडसेट लागत नाही, स्क्रीन पुरते.

जुना_सर्जन: तेच म्हणतोय मी मघापासून.

कापवाचक: +१. पैसे वाचवा.

यकृतवेडी: सगळ्यांचे मनापासून आभार, पण हेडसेट घेतेय. लॅपटॉप आहे तोच. काल मैत्रिणीच्या हेडसेटवर सरावाची एक केस उघडली. स्क्रीनवर ट्यूमर उजव्या हेपॅटिक व्हेनला चिकटलेला वाटत होता, तिथे मी लिव्हरच्या आत डोकं घालून व्हेनच्या मागनं वाकून बघितलं तर मधे बारीक फट. लगेच चष्मा काढून कोरोनल (समोरून बघितल्यासारखे उभे) काप लावले, फट होती तिथेच. तीन वेळा तेच काप बघूनही मला ती दिसली नव्हती. पातळ काप आजच मागितलेत, आणि व्हेन्स मी स्वतः आखणार.

प्रिंटरप्रेमी: ती फट छापून बघा एकदा, मी फाइल तपासून देतो.