नुसतं कर्ज पुरत नाही

एका ताईंनी लिहिलंय की बाईच्या हातात पैसा आला की घरातली मारहाण आपोआप थांबते. मला हे अर्धंच पटलं. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतात २००१ पासून ‘इमेज’ नावाचा प्रयोग झाला. पाच-पाच बायका एकमेकींना जामीन राहून धंद्यासाठी कर्ज घ्यायच्या. दर पंधरा दिवसांनी हप्ता भरायला जमल्या की त्याच बैठकीत तासभर नवऱ्याचा मार, जबरदस्ती, एचआयव्ही यांवर मोकळेपणी बोलणं व्हायचं. दोनेक वर्षांत जोडीदाराकडून होणारी हिंसा ५५ टक्क्यांनी घटली! पुढच्या अभ्यासात मात्र दिसलं, की जिथे फक्त कर्ज दिलं तिथे घरची परिस्थिती सुधारली, पण हिंसेत तसा ठोस फरक पडला नाही.

आपल्याकडेही कितीतरी घरांत बचत गटाचं कर्ज बाईच्या नावावर, रक्कम नवऱ्याच्या खिशात, आणि हप्ता थकला की बोलणी तिलाच. म्हणून बायकांच्या अशा छोट्या कर्जांत पैसे गुंतवणाऱ्यांनी वसुलीचा टक्का विचारतानाच त्या तासाभराच्या बोलण्याचा खर्चही उचलावा. ते बोलणं घडवून आणणाऱ्या प्रशिक्षिकेचं मानधन बायकांच्या व्याजातून काढायची वेळ येऊ नये.