अनुभव धागा : 'देवबाभळी' की 'कट्यार'? तुम्ही पाहिलंत तेव्हा काय झालं, ते सांगा

धागाकर्ती, ठाणे

सासूबाईंना पंचाहत्तरीनिमित्त संगीत नाटक दाखवायचं घरात ठरलंय. योग असा की 'संगीत देवबाभळी' आणि एका हौशी संस्थेचं 'कट्यार काळजात घुसली' एकाच आठवड्यात आहेत. त्यांच्या गुडघ्यांमुळे दोन्हींना नेणं शक्य नाही, एकच निवडावं लागणार.

श्रेष्ठ कुठलं, हा वाद इथे नको. नाटक बघताना तुमचं काय झालं ते लिहा. सोबत कोण होतं, कुठल्या जागी गलबललं, बाहेर पडल्यावर काय बोललात. शेवट मात्र फोडू नका, सासूबाईंना मी हा धागा वाचून दाखवणार आहे.

इंद्रायणीकाठची

ताई, मी आईला घेऊन 'देवबाभळी'ला गेले होते. माझे वडील आयुष्यभर गावासाठी झिजले. शाळा, पाणी, तंटे, सगळ्यात पुढे. लोक अजून नाव काढतात. घर आईने ओढलं, ते मात्र कोणी बोलून दाखवलं नाही, आम्हीही नाही.

नाटकात तुकोबांची बायको आवली त्यांची भाकरी घेऊन भंडाऱ्याच्या डोंगराकडे निघते, वाटेत पायात बाभळीचा काटा रुततो आणि तिची शुद्ध हरपते. काटा काढायला खुद्द विठ्ठल येतो. पुढे तिच्या दुखऱ्या पायाची आणि पोटातल्या जिवाची काळजी घ्यायला तो रखुमाईला धाडतो, आणि रखुमाई लखुबाई होऊन आवलीच्या घरी राबू लागते. रंगमंचावर फक्त या दोघी. तुकोबा दिसत नाहीत, विठ्ठल दिसत नाही, पण दोघींच्या बोलण्यात दुसरा विषय नाही.

आवली विठ्ठलाला 'काळ्या' म्हणून जे फैलावर घेते, त्यावर थिएटर हसत होतं. आईही पदर तोंडाला लावून हसत होती. मग कधीतरी तिचं हसू थांबलं, पदर तिथेच राहिला. "खरं बोलते बाई," एवढंच म्हणाली. घरी आल्यावर वडिलांच्या फोटोकडे बघून तिने दिवा लावला आणि मला म्हणाली, तू जेवून घे, मी जरा बसते. आमच्या घरात ती कधी अशी नुसती बसलेली मला आठवत नाही.

माझं मत विचाराल तर डोळे झाकून 'देवबाभळी'.

नागपूरचे काका

मी गायक वसंतराव देशपांडे यांना 'कट्यार'मधल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत प्रत्यक्ष पाहिलेल्या पिढीतला. नाटक आलं १९६७ च्या डिसेंबरात. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर आमच्या नागपूरचे, वसंतराव मूर्तिजापूरचे पण वाढले नागपुरातच. त्यामुळे धनवटे रंग मंदिरात प्रयोग लागला की घरचं कार्य असल्यासारखी धांदल असायची. वडील मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले होते.

आज लोक 'कट्यार' म्हटलं की सिनेमा आठवतात. सिनेमा चांगलाच आहे, पण त्यात खाँसाहेब अंमळ काळेकुट्ट झालेत. नाटकातला माणूस फार दुखावलेला आहे. आधीचे राजगायक पंडितजी, वर्षानुवर्षं त्यांच्या सावलीत राहिलेला. एकदाचं राजगायकाचं पद मिळतं, हवेली मिळते, मानाची कट्यार मिळते, तिने केलेला एक खून माफ. तो हवेलीत येतो आणि 'या भवनातील गीत पुराणे' सुरू होतं. वसंतराव ते गायचे तेव्हा छाती फुगायची आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडायचा. जिंकलेला माणूस इतका एकटा का वाटतोय, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. वडिलांना कळलं असावं. ते कारकून होते, लहानपणी गाणं शिकत होते, पुढे सुटलं. परतताना सायकल हातात धरून चालत आले. मला वाटलं पंक्चर झालीय.

वसंतराव १९८३ मध्ये गेले. २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी तीच भूमिका उभी केली, तीही पाहिली. तुलना करणार नाही. नातवाच्या गळ्यातून आजोबांची तान आली आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझा हात धरला, एवढं सांगतो.

स र ग म

मी गाणं शिकते, त्यामुळे माझं झुकतं माप 'कट्यार'ला. एकच उदाहरण देते. 'घेई छंद मकरंद' हे पद नाटकात दोन चालींत येतं. पंडितजींच्या घराण्याची चाल संथ, सुरावर विसावणारी. खाँसाहेबांची चाल उसळती, तानांनी भरलेली. शब्द तेच, माणूस मात्र पार वेगळा उभा राहतो. संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी दोन घराण्यांमधलं भांडण संवादात न सांगता चालींमधून ऐकवलंय. रागदारी न कळणाऱ्या माझ्या मावशीलाही फरक लख्ख कळला.

आणि सदाशिव! शिकवायला कोणी तयार नाही म्हणून नोकर होऊन हवेलीत राहणारा, कामं करता करता कान लावून विद्या वेचणारा. मला ज्यांच्याकडे शिकायचं होतं त्यांनी मला पहिल्यांदा नकार दिला होता. त्यांच्या घराबाहेर उभं राहून आतला रियाज मी ऐकलाय. सदाशिवच्या प्रवेशांना माझ्याच्याने खुर्चीत सरळ बसवत नाही.

एक सावधगिरी. 'कट्यार' गायकांच्या जिवावर चालतं. खाँसाहेब आणि सदाशिव कोण गाणार आहेत, त्याची चौकशी करूनच तिकीट काढा. गाणं कच्चं असेल तर भावनाही पोहोचत नाही.

फोंड्याहून

चौकशी करा, पण हौशी म्हणून बिचकू नका. आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवात संगीत नाटकं हौशी कलाकारच करतात, आणि अभिषेकीबुवांच्या मंगेशीच्या आसपास तर ऐकणारा प्रत्येक जण परीक्षक. दिवसा बँकेत बसणारा माणूस रात्री खाँसाहेब होऊन 'सुरत पिया की' असा गायला की पहाटेपर्यंत मांडव हलला नाही. ऑर्गन, तबला समोर, गाणारा त्यांच्याकडे बघून जागा घेतोय. ते जिवंतपण वेगळंच.

'देवबाभळी'ही पाहिलंय. सुंदर आहे. पण मी रडलो 'कट्यार'ला.

एक वाचक

मला 'देवबाभळी' मध्यंतरानंतर बघवेना. पती जाऊन थोडेच महिने झाले होते. नाटकाचा दोष नाही, उलट इतकं खरं आहे म्हणूनच. घरात ताजं दुःख असेल तर थोडं थांबून जा.

नाशिककर

आमच्या गावचं नाटक, तेव्हा थोडं मोकळं लिहितो. प्राजक्त देशमुखांनी हे आधी एकांकिका म्हणून केलं होतं, २०१७ च्या डिसेंबरात 'भद्रकाली' या नाट्यसंस्थेतर्फे ते व्यावसायिक रंगभूमीवर आलं. शुभांगी सदावर्ते आवली, मानसी जोशी लखुबाई. दोघी स्वतः गातात, संगीत आनंद ओक यांचं. पुढे या संहितेला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

सगळे आवलीबद्दल लिहिताहेत, म्हणून मी रखुमाईबद्दल लिहितो. पंढरपुरात तिचं देऊळ वेगळं आहे, विठ्ठलाशेजारी ती उभी नाही. राधेवरून रुसून दिंडीरवनात आलेली ही बाई. लहानपणापासून दर आषाढीला ही गोष्ट ऐकली, पण तो रुसवा किती युगांचा आहे, हा विचार शिवला नव्हता. नाटकात ती दुसऱ्या बाईच्या संसारात भांडी घासते, चूल सारवते, आणि आवलीचा राग ऐकता ऐकता तिला स्वतःचा राग सापडत जातो. आवलीला माहीत नाही समोर कोण आहे. आपल्याला माहीत आहे. आवली नवऱ्याच्या देवाला बोल लावते आणि त्या देवाची बायको खाली मान घालून तिच्या पायाला लेप लावत असते. तिथे मला हुंदका आला. माझ्या पलीकडे एक वारकरी काका बसले होते, बुक्का लावलेले. ते हात जोडून बसून राहिले.

'कट्यार' मला आवडतं, पण त्यात बायका पुरुषांच्या अहंकाराच्या कडेला उभ्या आहेत. खाँसाहेबांची मुलगी झरीना, पंडितजींची मुलगी उमा, दोघी समंजस, पण नाटक त्यांचं नाही. सासूबाईंना नेताय म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

धागाकर्ती, ठाणे

काल रात्री सगळं वाचून दाखवलं. नागपूरच्या काकांची सायकल त्यांनी दोनदा वाचायला लावली. सासूबाईंचे वडील हार्मोनियम वाजवायचे, हे आम्हाला इतक्या वर्षांनी कळलं. मला वाटलं, ठरलं, 'कट्यार'. मग नाशिककरांचं वाचलं. त्या म्हणाल्या, "त्या आवलीला कोणी विचारतं का गं, तू कशी आहेस म्हणून?" मी म्हटलं, ते बघायलाच जायचं.

'देवबाभळी'ची तिकिटं काढतेय. 'कट्यार'ला माझा मुलगा जाणार, तो तबला शिकतो.

स र ग म

ताई, खुर्च्या कडेच्या घ्या, पाय लांब करता येतात. अगदी पहिली रांग नको, मान वर करून बसावं लागतं, चौथी-पाचवी उत्तम. मध्यंतरात त्यांना खाली उतरवू नका, चहा जागेवर आणून द्या. आणि मुलाला 'कट्यार'ला तबलजी दिसेल अशा बाजूला बसवा. जायच्या आधी 'घेई छंद'च्या दोन्ही चाली त्याला ऐकवा, म्हणजे ठेका कुठे बदलतो ते तो आपणहून शोधेल.