कॅल्शियम नाही, तरी तंतू सैल पडत नाही. कॅल्शियम ओळखून स्नायू चालू-बंद करणारं ट्रोपोनिन करतंय काय?

रिगर_प्रश्न
सशाच्या सोआस स्नायूचे तंतू १ टक्का ट्रायटन एक्स-१०० मध्ये ठेवून पटल काढून टाकलेले, बलमापकाला जोडलेले. शिथिल द्रावण: ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) १० मिलिमोलर, एटीपी (स्नायूचं इंधन) ५ मिलिमोलर, पीसीए ९ (हा आकडा जितका मोठा तितकं मुक्त कॅल्शियम कमी), पीएच ७.१, तापमान १५ अंश. सार्कोमिअर (आकुंचनाचं एकक) २.५ मायक्रोमीटर. पीसीए ४.५ ला बल छान येतं, पण परत ९ वर आणल्यावर कमाल बलाच्या पाचव्या हिश्शाइतका ताण उरतोच. ईजीटीए २० केलं, काही फरक नाही. कॅल्शियम गेलं की ट्रोपोमायोसिन हे प्रथिन अॅक्टिनवरच्या, मायोसिनची बल देणारी डोकी बसायच्या जागा झाकतं ना? मग हा ताण कुठला?

पातळ_तंतू
ईजीटीए दुप्पट करूनही ताण हलत नाही, म्हणजे कॅल्शियमवरचा संशय जवळपास मिटला. एटीपीकडे बघा.

जागा झाकणं-उघडणं फक्त कॅल्शियमच्या हातात नसतं. एक ट्रोपोमायोसिन ७ अॅक्टिनांवर पसरतं आणि त्याला एक ट्रोपोनिन संकुल (सी, आय आणि टी या तीन प्रथिनांचं) असतं. विश्रांतीत ट्रोपोनिन-आय अॅक्टिनला धरून ठेवतं. कॅल्शियम ट्रोपोनिन-सीच्या एन टोकाकडच्या दोन जागांवर बसलं की तिथे एक जलविरोधी खाच उघडते. ट्रोपोनिन-आयचा एक तुकडा त्या खाचेत जातो, अॅक्टिनवरची पकड सुटते आणि ट्रोपोमायोसिन सुमारे २५ अंश सरकतं. एवढ्यानेही वाट पूर्ण मोकळी होत नाही. उरलेले १० अंश मायोसिनचं घट्ट बसलेलं डोकंच त्याला ढकलतं, आणि ट्रोपोमायोसिनची टोकं एकमेकांना जोडलेली असल्याने शेजारच्या जागाही उघडतात.

आता एटीपी कमी पडलं तर काही डोकी सुटतच नाहीत. ती कॅल्शियम नसतानाही दारात पाय अडकवून उभी राहतात, आणि ज्या डोक्यांना थोडंफार एटीपी मिळतंय ती शेजारी बल तयार करतात. द्रावणात क्रिएटिन फॉस्फेट (खर्च झालेलं एटीपी परत भरून काढणारं) आहे का? आणि मॅग्नेशियम किती?

रिगर_प्रश्न
क्रिएटिन फॉस्फेट नाही. मॅग्नेशियम एकूण ५ मिलिमोलर.

पातळ_तंतू
मग दोन्हीकडून ओढाताण आहे. मायोसिनला मॅग्नेशियमयुक्त एटीपी लागतं, आणि एकूण मॅग्नेशियम एटीपीइतकंच ठेवलं तर मुक्त मॅग्नेशियम नावापुरतं उरतं. मुक्त १ मिलिमोलर राहील असं गणित करा. क्रिएटिन फॉस्फेट १५ मिलिमोलर आणि ते काम करणारं विकर क्रिएटिन कायनेज मिलीलीटरमागे २०० युनिटच्या आसपास घाला. स्नायूतंतू जाडजूड असेल तर त्याच्या गाभ्यात एटीपी आत झिरपण्याआधीच खर्च होतं आणि एडीपी (खर्च झालेलं एटीपी) साचतं. बाहेरच्या ५ मिलिमोलरवर विसंबू नका.

ताठपणा_मोजा
बदल करण्याआधी एक चाचणी करून घ्या. तंतू लांबीच्या ०.१ ते ०.२ टक्के झटकन ताणा आणि ताठरपणा मोजा. बलाच्या मानाने ताठरपणा फारच जास्त निघाला तर डोकी रिगरमध्ये (एटीपीअभावी अॅक्टिनला घट्ट चिकटलेल्या अवस्थेत) अडकली आहेत. दोन्ही एकाच प्रमाणात असतील तर नेहमीचं सक्रियण.

पीएचबद्दल: डायसोडियम एटीपी आम्लधर्मी असतं, म्हणून ते घातल्यानंतर आणि प्रयोगाच्याच तापमानाला पीएच बसवा. ७.१ चं ६.९ झालं तर ईजीटीएची कॅल्शियमवरची पकड सुमारे अडीच पटीने ढिली होते. पीसीए ९ ला याने बिघडत नाही. पीसीए ६ च्या जवळ मात्र बल-पीसीए वक्र भरकटतो, आणि तो दोन कारणांनी उलटसुलट दिशांना ओढला जातो: मुक्त कॅल्शियम वाढतं, पण आम्लतेने ट्रोपोनिनची संवेदनशीलता घटते.

जेल_आधी
हे सगळं करूनही ताण उरला तर प्रथिनंच तपासा. ट्रोपोनिन-सी निघून गेलं तर तंतू आकुंचन पावत नाही, ट्रोपोनिन-आय गेलं तर सैल पडत नाही. तुमची लक्षणं दुसऱ्या प्रकारची आहेत. विच्छेदनात कॅल्शियम मोकळं राहिलं की कॅल्पेन हे प्रथिनं कापणारं विकर ट्रोपोनिन-आय आणि टी दोन्ही कापतं, त्यामुळे ईजीटीए आणि ल्युपेप्टिन (कॅल्पेनला रोखणारं) पहिल्याच द्रावणापासून हवं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या १२ टक्क्यांच्या जेलवर ट्रोपोनिन-आयची २१ किलोडाल्टनच्या आसपासची पट्टी ताज्या तंतूशी ताडून बघा. ट्रोपोनिन-सीची पट्टी मायोसिनच्या हलक्या साखळीला खेटून येते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.